एका तबकडीची जन्मकथा

गाणी तुम्ही रोज ऐकता. रेडिओवर ऐकता, दूरदर्शनवर पाहता, आणि आता तर खिशातल्या मोबाइलवर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी लावता. पण गायकाच्या गळ्यातून निघालेले गाणे तुमच्या कानापर्यंत पोहोचण्याआधी किती दारे ओलांडून येते, त्याला किती जणांचे हात लागतात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? या पाठात आपण अशाच एका प्रवासाची हकीकत वाचणार आहोत.

ही हकीकत अमेरिकेतील आहे. २१ जानेवारी १९८४ रोजी ‘बॉन जोव्ही’ नावाच्या पाच तरुणांच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. (बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे, बरे का! परदेशात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या लहानशा मंडळालाही बँड म्हणतात.) ध्वनिमुद्रिकेचे नावही ‘बॉन जोव्ही’ हेच होते. तिच्यावर नऊ गाणी होती.

‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द तुम्हांला अवघड वाटेल. ध्वनी म्हणजे आवाज आणि मुद्रा म्हणजे ठसा. आवाजाचा ठसा जिच्यावर उमटवला आहे ती ध्वनिमुद्रिका. बोलताना मात्र लोक तिला सरळ ‘तबकडी’ म्हणत, आणि हा शब्द तुमच्या ओळखीचा निघेल. उर्दूत तबक म्हणजे थाळी किंवा ताट. तेच तबक मराठीत आले आणि त्याचे लहान रूप तबकडी झाले.

आपली साधारण समजूत अशी असते, की आधी वादक एकत्र येतात, मग गाणी बसवतात, मग एखादी कंपनी त्यांना बोलावते आणि सर्वांत शेवटी लोक ते गाणे ऐकतात. या तबकडीच्या बाबतीत हा क्रम जवळजवळ उलटा झाला. तिच्यातले सर्वांत गाजलेले गाणे आधी तयार झाले. लोकांनी ते रेडिओवर ऐकले. ते वाजवणारा बँड त्यानंतर जमला आणि कंपनीशी करार त्याच्याही नंतर झाला. असे का झाले, ते आता पाहू.

त्याआधी या संगीताची थोडी ओळख करून घ्यायला हवी. याला ‘ग्लॅम मेटल’ म्हणतात. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘हेवी मेटल’ नावाचा संगीतप्रकार पुढे आला. त्यात विजेवर चालणाऱ्या गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत आणि प्रचंड मोठा केलेला असतो, ड्रम जोरजोराने वाजतात आणि गायक बऱ्याचदा वरच्या पट्टीत गातो. त्याच काळात त्याच देशात काही गायक चकचकीत कपडे घालून, चेहऱ्याला रंग लावून रंगमंचावर येऊ लागले होते. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेतील, विशेषतः लॉस एंजेलिसमधील, तरुणांनी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. गिटारचा गडगडाट त्यांनी तसाच ठेवला, पण त्यावर सहज गुणगुणता येईल अशी गोड चाल बसवली. अंगात चामड्याची जाकिटे, गळ्यात रुमाल, आणि डोक्यावरचे लांब केस फवारे मारून एवढे फुगवलेले, की थट्टेने लोक या संगीताला ‘केसांचे मेटल’ म्हणू लागले. आपल्या गोष्टीतील गायकाचे वडील व्यवसायाने केशकर्तनकार होते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या संगीताला काळही अनुकूल होता. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही दिवसरात्र गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. गाणे आता ऐकण्याबरोबर पाहण्याचीही वस्तू झाले, आणि पाहण्यासारखे कपडे नि केस तर या तरुणांकडे भरपूर होते. नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘क्वायट रायट’ या बँडची ‘मेटल हेल्थ’ ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. हेवी मेटल वाजवणाऱ्या बँडला हा मान प्रथमच मिळाला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी आपली तबकडी बाजारात आली.

आता मूळ गोष्टीकडे वळू. जॉन बॉन्जोव्ही याचा जन्म २ मार्च १९६२ रोजी न्यू जर्सी राज्यात झाला. हे राज्य न्यू यॉर्क शहराच्या अगदी शेजारी आहे. शाळेत असतानाच जॉनला गाण्याचे वेड लागले होते. डेव्हिड ब्रायन नावाच्या मित्राबरोबर तो दहा जणांच्या एका बँडमध्ये गात असे. शाळा संपली तेव्हा पुढे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यासमोरही आला, जसा तो प्रत्येकासमोर येतो.

टोनी बॉन्जोव्ही हा नात्याने त्याचा भाऊ लागत असे. टोनी वयाने बराच मोठा होता आणि ध्वनिमुद्रणाच्या कामात त्याचे नाव झालेले होते. न्यू यॉर्कमध्ये ५३ व्या रस्त्यावर विजेच्या कंपनीची एक जुनी इमारत होती. १९७७ मध्ये टोनी आणि त्याच्या भागीदाराने तेथे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ उभारला. इमारतीच्या पूर्वीच्या कामाची आठवण म्हणून त्याचे नाव ठेवले ‘पॉवर स्टेशन’, म्हणजे वीजकेंद्र. तेथील मोठ्या खोलीच्या भिंती आणि उंच छत लाकडाचे होते. लाकडावर आपटून परत येणारा आवाज कानाला उबदार लागतो, म्हणून ड्रमच्या आवाजासाठी ही खोली विशेष प्रसिद्ध झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीन या मोठ्या गायकाने ‘द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका येथेच केली.

१९८० मध्ये जॉन या स्टुडिओत कामाला लागला. काम कोणते? झाडलोट करणे, चहा-कॉफी आणून देणे, सांगितलेला निरोप पोहोचवणे. आपल्याकडे ज्याला वरकामाचा पोऱ्या म्हणतात, तेच. पण या कामाच्या बदल्यात त्याला पगाराहून मोलाची एक गोष्ट मिळत होती. स्टुडिओ रिकामा असे तेव्हा, बहुधा रात्री, त्याला स्वतःची गाणी मुद्रित करता येत. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पात्रांवर नाताळच्या गाण्यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या निर्मितीत टोनीचा हात होता. तिच्यातले एका यंत्रमानवावरचे गाणे जॉनने म्हटले आहे. तबकडीवर उमटलेला त्याचा हा पहिला आवाज.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भावाचा स्टुडिओ असणे ही काही लहानसहान सवलत नव्हे. तशा स्टुडिओचे तासाचे भाडेच सामान्य मुलाच्या आवाक्याबाहेरचे असते. न्यू जर्सीत त्या वेळी गाणारी मुले पुष्कळ असतील, त्यांना ही किल्ली मिळाली नाही. पण स्टुडिओची किल्ली मिळाली म्हणून कंपनीचे कुलूप उघडत नाही, हेही जॉनला लवकरच कळले.

ध्वनिमुद्रण कसे होते हे समजले, तर पुढचा भाग तुम्हांला अधिक चांगला कळेल. कव्वालीची मैफल डोळ्यांसमोर आणा. हार्मोनियम, ढोलक, टाळ्या, मुख्य कव्वाल आणि मागचे साथीदार, सारे एकाच वेळी एकाच जागी असतात. एकाचे चुकले तर ते सर्वांच्या कानांवर जाते. स्टुडिओत मात्र सर्वांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नसते. त्या काळी आवाज चुंबकीय फितीवर साठवत असत. मोठ्या स्टुडिओतील फीत दोन इंच रुंद असे आणि तिच्या रुंदीवर शेजारी शेजारी चोवीस वेगळ्या पट्ट्या मावत. वहीच्या पानावरील ओळींसारख्याच या पट्ट्या समजा. ड्रमचे निरनिराळे भाग काही पट्ट्यांवर, बास गिटार एका पट्टीवर, बाकीच्या गिटार दुसऱ्या पट्ट्यांवर, गायकाचा आवाज आणखी एका पट्टीवर.

प्रथम ड्रम आणि बास गिटार वाजवून गाण्याचा पाया घालतात. मग दुसरा वादक कानाला श्रवणयंत्र लावून तो पाया ऐकतो आणि त्यावर आपले वाद्य वाजवतो. त्याचे चुकले तर फक्त त्याची पट्टी पुसून पुन्हा भरायची, इतरांच्या पट्ट्यांना धक्का लागत नाही. गायक तर दहा वेळा गाऊ शकतो. सर्व पट्ट्या भरल्या की खरे कौशल्याचे काम सुरू होते. कोणता आवाज किती मोठा ठेवायचा, कोणता डाव्या बाजूला, कोणता उजव्या बाजूला, कोणाला थोडा घुमारा द्यायचा, हे ठरवून त्या चोवीस पट्ट्यांच्या शेवटी दोनच पट्ट्या करतात. या कामाला मिश्रण म्हणतात. स्वयंपाकात मीठ-मसाला योग्य पडला पाहिजे, तसेच हे.

ही फीत सेकंदाला तीस इंच या वेगाने धावते. अडीच हजार फूट लांबीचे रीळ सोळा-सतरा मिनिटांत संपते. रीळ महाग, खोलीचे भाडे महाग, तंत्रज्ञाचा वेळ महाग. रात्री फुकट मिळालेल्या तासांची किंमत आता तुमच्या लक्षात आली असेल.

१९८२ मध्ये जॉनने ‘रनअवे’ नावाचे गाणे मुद्रित केले. घर सोडून भरकटलेल्या मुलीविषयीचे हे गाणे त्याने जॉर्ज कराक या साथीदारासह रचले होते. त्या वेळी जॉनचा स्वतःचा बँड नव्हता. म्हणून स्टुडिओत येऊन-जाऊन वाजवणारे अनुभवी वादक त्याने साथीला घेतले. गिटारवर टिम पिअर्स, ड्रमवर फ्रँकी लारोका, बास गिटारवर ह्यू मॅकडॉनल्ड आणि कीबोर्डवर रॉय बिटन. हा बिटन म्हणजे स्प्रिंगस्टीनच्या बँडमधला नावाजलेला वादक. गाण्याच्या सुरुवातीला कीबोर्डवरचे जे टोकदार, घाईचे सूर ऐकू येतात आणि ज्यांच्यामुळे गाणे क्षणात ओळखता येते, ते त्याच्या बोटांचे. अशा वादकांना ठरलेले पैसे मिळतात आणि ते पुढच्या कामाला निघून जातात. गाणे पुढे किती गाजेल, हे त्यांना ठाऊक नसते. ह्यू मॅकडॉनल्ड हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला त्याची पुन्हा गरज लागणार आहे.

गाणे तयार झाले. पण पुढे काय? जॉनने नमुन्याच्या फिती कंपन्यांकडे पाठवल्या. नकार आले. तेव्हा त्याने एक वेगळीच वाट धरली. न्यू यॉर्कजवळ लेक सक्सेस नावाच्या गावी १९८२ मध्ये एक नवे रेडिओ केंद्र सुरू झाले होते. त्याचे नाव ‘डब्ल्यूएपीपी’. (लेक सक्सेस म्हणजे यशाचे तळे! गावाचे नाव खरेच असे आहे.) मोठ्या, जुन्या रेडिओ केंद्रावर अनोळखी मुलाला कोणी उभे करत नाही. नव्या केंद्राला मात्र स्वतःलाच नाव मिळवायचे असते. जॉन तेथे गेला तो केंद्राच्या जाहिरातीची छोटी गाणी रचण्या-गाण्याच्या निमित्ताने. तेथील निवेदक चिप होबार्ट आणि प्रसिद्धिप्रमुख जॉन लॅसमन यांच्याशी त्याचे बोलणे झाले. परिसरातील नव्या, अप्रसिद्ध कलावंतांच्या गाण्यांची एक तबकडी हे केंद्र काढणार होते. ‘रनअवे’ तिच्यात घालू या, असे त्यांनी सुचवले.

जॉन लगेच राजी झाला नाही. त्याला स्वतःच्या एकट्याच्या नावाची ध्वनिमुद्रिका हवी होती, दहा जणांच्या गर्दीतली एक जागा नको होती. शेवटी त्याने होकार दिला. मला वाटते, या साऱ्या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. कारण १९८३ मध्ये ती तबकडी निघाली, ‘रनअवे’ त्या केंद्रावर वाजू लागले आणि श्रोते ते पुन्हा पुन्हा मागू लागले. त्याच मालकाची रेडिओ केंद्रे इतर शहरांतही होती, तेथेही गाणे पोहोचले. ज्या फितीला कंपन्यांनी हात लावला नव्हता, ती आता अनोळखी माणसांच्या घराघरांत ऐकली जात होती.

आता एक विचित्र अडचण उभी राहिली. गाणे लोकप्रिय झाले, पण ते मंचावर जाऊन वाजवणार कोण? मुद्रणातील वादक आपापल्या कामाला लागले होते. मार्च १९८३ मध्ये जॉनने जुना मित्र डेव्हिड ब्रायन याला दूरध्वनी केला. डेव्हिड त्या वेळी ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेकडे वळला होता. तो शिक्षण सोडून आला. त्याने बास गिटारवादक ॲलेक जॉन सच आणि ड्रमवादक टिको टॉरेस यांना गाठले. टिको जॉनपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा आणि मुरलेला वादक होता. राहिला गिटारवादक. ती जागा जॉनच्या शेजारी राहणाऱ्या डेव्ह सेबो या मित्राने काही काळ सांभाळली. मग एका कार्यक्रमानंतर रिची सांबोरा नावाचा तरुण जॉनला भेटला आणि तुझ्या बँडचा गिटारवादक मीच असायला हवे, असे त्याने सरळ सांगून टाकले. असे धाडस बहुधा अंगाशी येते. रिचीने वाजवून दाखवले आणि तो बँडमध्ये आला.

डेव्ह सेबो बाहेर पडला. पण दोघा मित्रांनी एकमेकांना एक वचन दिलेले होते. ज्याला आधी यश मिळेल, त्याने दुसऱ्याला हात द्यायचा. या वचनाचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो.

त्याच वर्षी पॉलिग्राम या मोठ्या कंपनीच्या ‘मर्क्युरी’ शाखेने बँडशी करार केला. कंपनीच्या वतीने निर्णय घेणारा अधिकारी होता डेरेक शुलमन. तो स्वतः पूर्वी इंग्लंडमधील ‘जेंटल जायंट’ या बँडचा गायक होता, त्यामुळे गाणाऱ्यांच्या अडचणी त्याला अनुभवाने माहीत होत्या. करार हाही शब्द तुमच्या भाषेतलाच. उर्दू शायरीत करार म्हणजे मनाचे चैन, शांती. मराठीत मात्र करार म्हणजे दोन पक्षांनी सही करून मान्य केलेल्या अटी, आणि त्या वाचताना अनेकांच्या मनाचे चैन नाहीसे होते! अशा करारात कंपनी ध्वनिमुद्रणासाठी पैसे आगाऊ देते. ते पैसे बक्षीस नसतात. तबकडी विकली गेली की कलावंताच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतून कंपनी आधी आपली आगाऊ रक्कम वळती करून घेते. तबकडी खपली नाही, तर कलावंताच्या हाती काहीच उरत नाही, आणि दुसरी तबकडी काढायला कंपनी बहुधा तयार होत नाही. म्हणून पहिली तबकडी ही परीक्षा असते, आणि ती पुन्हा देता येईलच असे नसते.

बँडला नाव हवे होते. ‘जॉनी इलेक्ट्रिक’ असेही एक नाव पुढे आले होते. ते मागे पडले हे बरेच झाले. व्यवस्थापकाच्या कार्यालयातील एका बाईंनी सुचवले, की ‘व्हॅन हेलन’ हा प्रसिद्ध बँड जसा आडनावाने ओळखला जातो, तसेच तुम्हीही करा. ‘बॉन्जोव्ही’ हे मूळचे इटालियन आडनाव. त्याचे दोन तुकडे केले आणि अमेरिकन माणसाला वाचता येईल असे त्याचे स्पेलिंग सोपे केले. उच्चार तोच राहिला. जॉननेही स्वतःच्या नावात तोच बदल केला.

आता पॉवर स्टेशनमध्ये उरलेल्या गाण्यांचे मुद्रण सुरू झाले. ज्या खोलीत जॉनने केर काढला होता, त्याच खोलीत तो आता कंपनीच्या पैशाने गात होता. निर्माते दोघे होते, टोनी बॉन्जोव्ही आणि लान्स क्विन. पूर्वी ‘टॉकिंग हेड्स’ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिकाही या दोघांच्या देखरेखीखाली झाली होती. काही गाणी जॉन आणि रिचीने, काही जॉन आणि डेव्हिडने मिळून रचली. ‘शी डोन्ट नो मी’ हे एकच गाणे मार्क ॲव्हसेक या बाहेरच्या गीतकाराचे आहे. त्यानंतरच्या काळात बँडच्या कोणत्याही मुख्य ध्वनिमुद्रिकेवर पूर्णपणे बाहेरच्याने रचलेले गाणे आले नाही. आल्डो नोव्हा हा कॅनडाचा गिटारवादकही मदतीला आला होता.

आणि ‘रनअवे’? ते गाणे नव्या बँडने पुन्हा वाजवून मुद्रित करता आले असते. तसे केले नाही. १९८२ चीच फीत तबकडीवर घेतली. म्हणजे बँडची ओळख ज्या गाण्याने झाली, त्यात जॉनखेरीज बँडमधल्या एकाही माणसाचे वाद्य नाही. लोकांच्या कानांत बसलेला आवाज बदलण्याचा धोका कोणी पत्करला नाही. व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण डेव्हिडला प्रत्येक कार्यक्रमात बिटनचे सूर वाजवावे लागत, आणि श्रोत्यांना ते डेव्हिडचेच वाटत.

तबकडीला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूवर साधारण वीस मिनिटांचे संगीत नीट बसते. जास्त भरले तर खाचा एकमेकींच्या फार जवळ येतात आणि आवाज बारीक होतो. शिवाय सुई कडेकडून मध्याकडे सरकते. मध्याजवळचा फेरा लहान, त्यामुळे तेथे आवाजाला कमी जागा मिळते आणि त्याचा तजेला थोडा उतरतो. म्हणून जोरदार गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि संथ गाणी शेवटाकडे ठेवण्याचा प्रघात होता. या तबकडीवर पहिल्या बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार गाणी आहेत. पहिल्या बाजूचे पहिले गाणे अर्थातच ‘रनअवे’, आणि त्या बाजूच्या शेवटी ‘लव्ह लाइज’ हे संथ गाणे.

मिश्रण झालेल्या फितीवरून मऊ थर दिलेल्या एका चकतीवर खाचा कोरतात. त्या चकतीवरून धातूचा ठसा बनवतात आणि तो ठसा तापलेल्या प्लॅस्टिकवर दाबला की तबकडी तयार होते. एका साच्यातून विटा पाडाव्यात, तशा एका ठशातून शेकडो तबकड्या निघतात.

तबकडी निघण्याआधीच, १९८३ मध्ये, या मुलांना न्यू यॉर्कच्या प्रचंड मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘झीझी टॉप’ या बँडच्या आधी वाजवण्याची संधी मिळाली होती. पुढे जानेवारीत तबकडी दुकानांत आली. निकाल काय लागला? ‘रनअवे’ अमेरिकेतील गाण्यांच्या यादीत ३९ व्या क्रमांकापर्यंत चढले. ध्वनिमुद्रिका ४३ व्या क्रमांकावर थांबली. पहिल्या वर्गात पास म्हणावे असे हे यश नव्हे, पण नापासही नव्हे. कंपनीला दुसरी तबकडी काढावीशी वाटली, एवढे ते पुरेसे होते. दुसरी १९८५ मध्ये आली. १९८६ ची तिसरी, ‘स्लिपरी व्हेन वेट’, पहिल्या क्रमांकावर गेली आणि बँडचे नाव जगभर झाले. तेव्हा कुठे लोकांनी मागे वळून पहिली तबकडी विकत घेतली आणि तिचा खप दहा लाखांच्या पुढे गेला. १९९५ मध्ये हा बँड मुंबईत येऊन गायला, तेव्हा ‘बॉन जोव्ही’ हे नाव मुंबईच्या महाविद्यालयीन मुलांना चांगलेच परिचयाचे झालेले होते.

यश आले की हिशेबही येतो. टोनी आणि जॉन यांच्यात श्रेय आणि पैसा यांवरून वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. अखेर तडजोड झाली. पण दुसऱ्या तबकडीवर निर्माता म्हणून एकट्या लान्स क्विनचे नाव आहे आणि तिचे मुद्रणही पॉवर स्टेशनमध्ये झाले नाही. कोणाचे किती बरोबर होते, हे आपण दुरून ठरवू नये. मात्र रात्रीचे ते रिकामे तास नसते, तर ‘रनअवे’ची फीतही नसती, हे कोणत्याही निकालाने बदलत नाही. त्या स्टुडिओचे नाव मधली वीसेक वर्षे बदललेले होते. २०१७ मध्ये बर्कली या संगीतमहाविद्यालयाने तो चालवायला घेतला आणि ‘पॉवर स्टेशन’ हे जुने नाव त्याला परत मिळाले.

डेव्ह सेबोला दिलेले वचन जॉनने पाळले. डेव्हने १९८६ मध्ये ‘स्किड रो’ नावाचा स्वतःचा बँड काढला. जॉनने त्याला कंपनी मिळवून द्यायला मदत केली, आणि १९८९ मध्ये स्किड रोची पहिली तबकडी निघाली तेव्हा आपल्या दौऱ्यात त्या बँडला सोबत नेले.

आणि ह्यू मॅकडॉनल्ड? १९९४ मध्ये ॲलेक जॉन सच बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी बास गिटार वाजवायला ह्यूला बोलावले गेले. तरीही बरीच वर्षे त्याचे नाव बँडच्या अधिकृत सभासदांत नव्हते आणि छायाचित्रांतही तो दिसत नसे. २०१६ मध्ये त्याला सभासद म्हणून जाहीर करण्यात आले. १४ एप्रिल २०१८ रोजी क्लीव्हलंड शहरात बॉन जोव्ही बँडला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या मानाच्या संस्थेत प्रवेश मिळाला. त्या दिवशी सन्मानितांच्या यादीत बासवादकांची दोन नावे होती. एक ॲलेक जॉन सचचे, ज्याचे छायाचित्र पहिल्या तबकडीवर आहे. दुसरे ह्यू मॅकडॉनल्डचे, ज्याचे वाजवणे त्या तबकडीच्या पहिल्या गाण्यात ऐकू येते.